शून्य नंबरची संमती

चष्मेवाल्यांना अख्खी गल्ली चष्मेवाले म्हणते, आणि बायकोचा पारा चढला की तीही तेच म्हणते. दुकान गल्लीच्या वळणावर आणि घर दुकानाच्या डोक्यावर, त्यामुळे चष्मेवाले कामाला जातात की जिना उतरतात हे त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही. पुढे काचेचं कपाट, त्यात फ्रेमा ओळीने बसलेल्या, सगळ्या रस्त्याकडे टक लावून. पडद्यामागे एक चिंचोळी खोली. तिथे वरखाली होणारी खुर्ची, समोर अक्षरांचा उजळ तक्ता आणि भिंगांची पेटी. ही पेटी ते जितक्या हळुवार हाताने उघडतात तितक्या हळुवारपणे त्यांनी आजवर दुसरं काहीही उघडलेलं नाही. तोंड तर नाहीच.

दिवसभर बोलायला त्यांना एक वाक्य पुरतं. "हे बरं, की हे?" भिंग बदलायचं आणि विचारायचं. नंबर काढून देणारं यंत्र आहे त्यांच्याकडे, हनुवटी टेकवली की चिठ्ठी बाहेर येते. चष्मेवाले चिठ्ठी वाचतात आणि बाजूला ठेवतात. "हे यंत्राचं मत झालं. आता तुम्हाला काय दिसतं ते सांगा." गिऱ्हाईक गांगरतं. म्हणतं, दोन्ही सारखंच वाटतंय हो. चष्मेवाले म्हणतात, "वाटू दे. पुन्हा बघू." घाई त्यांच्या अंगात नाही. बायकोने पडद्याचं कापड त्यांना दाखवणं कधीच सोडून दिलंय, कारण दोन नमुने समोर धरले तर संध्याकाळपर्यंत तिचे हात खाली येत नाहीत.

पण गल्लीत त्यांचं नाव आहे ते निराळ्याच गोष्टीसाठी. शाळकरी पोरांना अधूनमधून चष्म्याची लहर येते. वर्गात कुणाला तरी लागलेला असतो, छान दिसत असतो. असं पोर खुर्चीत बसलं की त्याला तक्त्यावरचं सगळ्यात ढबोळं अक्षरही दिसत नाही. "भिंत दिसते का?" म्हटलं तर विचार करून सांगतं, "थोडी थोडी." चष्मेवाले हूं की चूं करत नाहीत. एक जाडजूड भिंग लावतात, त्यावर त्याच ताकदीचं उलटं भिंग लावतात. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं शून्य, खिडकीच्या काचेइतकं निरुपद्रवी. "आता?" पोर खालची बारीक ओळ घडाघडा वाचून मोकळं होतं. आया ओशाळतात. चष्मेवाले पेटी बंद करतात. त्यांना मनातून हसू येतं की नाही यावर गल्लीत दोन मतं आहेत.

त्यांना एकच मूल. घरात त्याला पिल्लू म्हणतात. मुलगी झाली म्हणून चष्मेवाल्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं, जे त्यांनी स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं असं बायकोचं म्हणणं. बाराव्या वर्षी, सुट्टीच्या एका सकाळी, त्याच पिल्लूने आईबाबांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं आणि सांगितलं की मी मुलगी नाही, मुलगा आहे. बरेच दिवस आहे. आता सांगतोय.

आई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर तक्रारी घेते. तिच्या तोंडून सवयीने निघालं, "कधीपासून?" मग तिचं तिलाच रडू आलं, आणि तिने पिल्लूला जवळ ओढलं.

चष्मेवाले म्हणाले, "बरं." उठले आणि पिल्लूच्या चष्म्याची ढिली काडी घट्ट करून दिली. ही त्यांची प्रतिक्रिया. पुढचं वर्षभर तिच्यात त्यांनी काना-मात्रेचाही फरक केला नाही.

गल्लीने आपलं काम चोख बजावलं. आधी कुजबुजली, मग दुखवट्याला आल्यासारखे चेहरे करून चष्मे सैल झाल्याच्या सबबीवर दुकानात डोकावून गेली, आणि मग कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची बायको माहेरी निघून गेल्यावर तिकडे वळली. पिल्लूचे केस बारीक झाले, आई त्याला 'माझा लेक' म्हणायला लागली, आणि चष्मेवाले त्याला पूर्वीसारखंच पिल्लू म्हणत राहिले.

मोठ्या दवाखान्यात अशा मुलांसाठी एक विभाग आहे. आई पिल्लूला तिथे न्यायची. डॉक्टरीणबाई कितीतरी महिने नुसत्या बोलत होत्या. पिल्लूशी एकट्याने, आईशी एकटीने, मग दोघांशी. शेवटी त्यांनी वडिलांनाही बोलावून घेतलं.

"त्याचं शरीर आता बदलायला लागलंय," त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक बदल त्याच्या जिवावर येतोय. हे बदल काही काळ थोपवून धरणारी इंजेक्शनं असतात. थोपवणं म्हणजे शेवटचा निर्णय नव्हे. पण म्हणजे काहीच नाही, असंही मी म्हणणार नाही. हाडांवर परिणाम होऊ शकतो, तपासण्या करत राहाव्या लागतात, आणि काही गोष्टी आम्हालाही अजून पुरत्या कळलेल्या नाहीत. माझ्या मते त्याला याचा उपयोग होईल. पण मूल सज्ञान होईपर्यंत आमच्याकडे आई आणि वडील, दोघांची संमती लागते. एकाची चालत नाही. आणि इथे येऊन, माझ्यासमोर."

आईने आठवडाभर विचार केला, डॉक्टरीणबाईंना फोन करकरून भंडावून सोडलं, आणि सही केली. चष्मेवाले म्हणाले, "बघू."

हा त्यांचा धंद्यातला शब्द. दुकानात बघू म्हटलं की ते खरोखरच बघतात. घरात मात्र बघू म्हणाले की बघत नाहीत. महिना गेला, दुसरा लागला. पिल्लू रोज जेवताना एकदा बाबांकडे बघायचं आणि पुन्हा ताटात. खांदे पुढे पाडून, पोक काढून बसायचं. चष्मेवाले म्हणायचे, "ताठ बस." एवढाच काय तो संवाद.

चष्मेवाल्यांना एक थोरली बहीण आहे. गल्ली तिला ताई म्हणते आणि घाबरते. भावजयीने सही केली त्या दिवशी ताईने शपथ घेतली होती की या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. शपथ ती काटेकोर पाळत होती. रोज दुपारी दुकानात येई, पडद्यामागच्या खुर्चीत बसे, आणि बोलणं रंगलं की खटका दाबून खुर्चीसकट वर जाई.

"तूही सही केलीस तर मी दुकानातही येणार नाही," ताई म्हणाली.

चष्मेवाल्यांनी यावर जरा जास्तच वेळ विचार केला.

"हसतोस काय?"

"हसलो नाही."

"अरे, तिच्या वयात मला सर्कशीत जायचं होतं. बाबांनी सही करून पाठवलं असतं तर आज कुठे असते मी?"

"सर्कशीत."

"बघ!" ताई खुर्चीसकट एक टप्पा वर गेली. मग तिचा आवाज खाली आला. "चेष्टा बाजूला ठेव. उद्या त्या पोरीचं मन फिरलं तर? ती विचारायला तुझ्याकडेच येईल, बाबा तू मोठा होतास ना म्हणून. खरं आहे की खूळ आहे, एवढं तरी बघून घे. दुनियेची पोरं तपासतोस. घरचं एक तपासता येईना?"

ताई निघून गेली. चष्मेवाले पेटीपुढे बसून राहिले. आणि मग त्यांना जे सुचलं, ते दुसऱ्या कुठल्याही बापाला सुचलं नसतं. बँकेतल्या बापाला नाही, शाळामास्तर बापाला नाही. सुचायला तीस वर्षं भिंगं पुसावी लागतात.

त्यांनी ठरवलं, पिल्लूला शून्य नंबर लावायचा.

हिशोब सरळ होता. सही न करताच केली म्हणून सांगायचं. खूळ असेल तर पोर दचकेल. एवढ्यात नको म्हणेल, परीक्षा होऊन जाऊ दे म्हणेल, पोटात दुखतंय म्हणेल. हवं ते मिळालं की खुळाची हवा जाते. आणि मग सहीचा प्रश्नच मिटला.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी भाजी वाढून घेतली आणि म्हणाले, "मी दवाखान्यात जाऊन आलो. संमती दिली."

आईचा डाव हवेत थांबला. चष्मेवाल्यांचं लक्ष पिल्लूच्या चेहऱ्यावर. बाहुल्या, पापण्या, ओठ. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

"खरंच?" पिल्लू म्हणालं.

"खरंच."

पिल्लू उठलं, मोरीत गेलं, नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. परत आलं तेव्हा तोंड धुतलेलं आणि डोळे लाल. ताटावर बसलं, आणि जन्मात न शिवलेली वांग्याची भाजी निमूट संपवली. मग म्हणालं, "आणखी वाढ."

"आई गं," आई म्हणाली. चष्मेवाल्यांनी भाजीचं पातेलं पुढे सरकवलं. निकाल लागला होता, आणि तो त्यांना अपेक्षित होता तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं ठरवूनच ते जिना उतरले. पण शटर अर्धं वर गेलं नाही तोच पिल्लू हजर. शाळेला वेळ आहे म्हणालं, फडकं घेतलं आणि फ्रेमा पुसायला लागलं. पुसता पुसता बोलायला लागलं. दोन वर्षांचं साचलेलं. पोहण्याचा तास का बुडवतो, उन्हाळ्यातही जाड शर्ट का घालतो, आरशासमोर दात घासताना डोळे का मिटतो.

"आणि तू सारखा ताठ बस म्हणतोस ना, बाबा," पिल्लू म्हणालं, "ताठ बसलो की दिसतं. छाती दिसते. म्हणून पोक."

चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधण्यात त्यांनी आवश्यकतेपेक्षा बराच जास्त वेळ घालवला.

पिल्लू रोज यायला लागलं. गिऱ्हाइकांना लहान मुलांच्या फ्रेमा दाखवायला लागलं, एका आजीबाईंना तर त्याने लाल फ्रेम घेऊन जायला लावली. बापलेकांत इतकं बोलणं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून झालं नव्हतं. चष्मेवाले सुखात होते, आणि ते सुख उसनं नसून चोरीचं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बायकोने विचारलं, "अहो, तुम्ही गेलात कधी दवाखान्यात? मला बोलला नाहीत."

"गुरुवारी. दुकान बंद असतं ना." ही त्यांच्या आयुष्यातली दुसरी थाप, पहिलीला सोबत म्हणून.

आता कुणी म्हणेल, मग जाऊन करून का नाही टाकली सही? गोष्ट मिटली असती. दोनदा ते निघालेही. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. फाटकाशी उभं राहिलं की त्यांना तिशीतलं पिल्लू दिसायचं. ते विचारायचं, बाबा, तू मला अडवलं का नाहीस? चष्मेवाले मागे वळायचे. चार पावलांवर दुसरं पिल्लू उभं, तेही तिशीतलं. ते विचारायचं, बाबा, तू मला अडवलंस का? दोघांचे चेहरे अगदी स्पष्ट. आणि यातलं कुठलं बरं हे सांगायला खुर्चीत कुणीच नाही.

दवाखान्याची तारीख आली. तिघं गेले. पिल्लूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. चष्मेवाल्यांना आशा होती की आज डॉक्टरीणबाई आजारी असतील.

त्या ठणठणीत होत्या. कागद चाळून म्हणाल्या, "आईंची सही आहे. बाबांची तेवढी राहिलीये. आज करताय ना?"



"यांनी केलीये की," आई म्हणाली. "गुरुवारी येऊन गेले."

"गुरुवारी हा विभाग बंद असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईने नवऱ्याकडे पाहिलं. पिल्लूने पाहिलं नाही, ते टेबलाच्या कडेकडे बघत होतं. "बाबा?"

"मी तपासत होतो," चष्मेवाले म्हणाले.

"काय?"

"खरं आहे का ते. तू घाबरून नको म्हणतोस का ते." त्यांच्या तोंडी आयुष्यात पहिल्यांदा 'म्हणतेस'ऐवजी 'म्हणतोस' आलं होतं, पण ते कौतुकाने ऐकायला त्या खोलीत कुणाला सवड नव्हती.

पिल्लूने मान वर केली. "मग काय निघालं?"

"खरं निघालं."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू भाजी मागितलीस तेव्हा."

"मग तेव्हाच सही का नाही केलीस?"

"भीती वाटली," चष्मेवाले म्हणाले. मग घाईघाईने खिशातलं पेन काढलं. "कुठे करायची, बाई?"

"आज नको," पिल्लू म्हणालं.

आई म्हणाली, "अरे?"

"आज केली तर लाज वाटली म्हणून केली, असं होईल. मला तसली नको." आणि उठून बाहेर जाऊन बाकावर बसलं.

डॉक्टरीणबाईंनी पेनकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे. "मीही आज घेतली नसती," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटे या. प्रश्न घेऊन या."

घरी आल्यावर बायकोने बांगड्या वाजवल्या नाहीत की भांडी आपटली नाहीत. तक्रार नोंदवून घेतल्याच्या आवाजात ती एवढंच म्हणाली, "दोन वर्षांनी पोर बोललं तुमच्याशी, आणि तुम्ही त्याचा तक्ता केलात." पिल्लू दुकानात यायचं थांबलं. फ्रेमांवर धूळ बसायला लागली. ताईला सगळं कळलं तेव्हा ती खुर्चीत बसलीच नाही.

"मी बघून घे म्हटलं होतं. फसव म्हटलं नव्हतं."

"तुझंच होतं ना, तपास म्हणून?"

"माझ्यावर ढकलू नकोस! सहीला माझा विरोध आहे, आजही आहे. पण पोराला असं खेळवायचं?" आणि पहिल्यांदाच ती चहा न घेता गेली.

चष्मेवाले दवाखान्यात एकटे गेले. एकदा नाही, बऱ्याचदा. हाडांचं विचारलं. मन फिरलं तर काय ते विचारलं. इंजेक्शनं थांबवली तर शरीर पुन्हा आपल्या वाटेने जातं का, किती जातं, आणि नाही दिली तर पिल्लूचं काय होईल ते विचारलं. काहींना बाईंनी सरळ उत्तर दिलं, काहींना 'बहुतेक' म्हणाल्या, आणि एक-दोनदा म्हणाल्या, "माहीत नाही." तसं पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री चष्मेवाल्यांना बऱ्यापैकी झोप लागली. माहीत नाही म्हणणारा जाणकार त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

मग एका संध्याकाळी ओट्यापाशी, पिल्लू भांडी घासत होतं तिथे जाऊन उभे राहिले आणि ताटं पुसायला घेतली.

"मला भीती वाटते," चष्मेवाले शेवटी म्हणाले. "तुला वाटते का?"

पिल्लूने उत्तर द्यायला दोन पातेली घेतली. "वाटते."

"कशाची?"

"इंजेक्शनची. पुढे काय होईल त्याची. आणि नाही मिळालं तर त्याची." नळ बंद झाला. "तिसरी मोठी आहे."

"हं."

"तू पुन्हा बघतोयस का मी खरं बोलतोय का?"

"नाही. नुसतं विचारतोय."

"मग ताट नीट पूस. ओलं आहे."

पुढच्या तारखेला तिघं पुन्हा गेले. चष्मेवाल्यांनी तो कागद पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला, चष्मा वर सरकवून, बोट ठेवून. एक पान झालं, उलटलं, शंका आली, परत मागे आले. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून गेले. डॉक्टरीणबाईंनी चहा मागवला, घेतला, संपवला. आईने छताचे कोपरे न्याहाळून झाले. पिल्लू मात्र हलत नव्हतं.

शेवटी चष्मेवाल्यांनी पेन टेकवलं.

"बाबा, नक्की?" पिल्लू म्हणालं.

चष्मेवाल्यांचा हात थांबला.

"नक्की नाही," ते म्हणाले. "पण करतो."

पिल्लूने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणालं, "चालेल."

त्यांनी सही केली. मग लक्षात आलं की ती आईच्या रकान्यात, तिच्या सहीखालीच उमटलीये, आणि डॉक्टरीणबाई नवा कागद काढायला उठल्या.